चवथ, सुयेर आणि बाळंतिणीचं बीपी

पत्र असं आहे:

"मावशी, माझं वय २६. सासर डिचोली तालुक्यात, माहेर दोडामार्गच्या पलीकडे तिळारीच्या बाजूला. पहिलंच बाळंतपण, तेहतिसावा आठवडा चालू आहे. नवरा बोटीवर, डिसेंबरात येईल. डॉक्टरांनी दिलेली तारीख चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) चार दिवसांची आहे. सासूबाईंनी कॅलेंडरवर हिशेब केलाय, की चवथीच्या अकरा दिवस आधी सिझर करून घेतलं तर सुयेर (जन्मानंतरचे पूजेला न चालणारे दिवस) आधीच फिटतं आणि गणपती बसवता येतो. आई म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, आठव्यातच घेऊन जाते. हिमोग्लोबिन ९.२ आहे. बीपी मागच्या वेळी १३०/८४ होतं, या वेळी १३८/८८. पाय सुजतात. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि त्यांनी बाळ काळं होतं असं शेजारच्या काकी म्हणाल्या, म्हणून महिनाभर घेतल्या नाहीत. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. थिवीला कारखान्यात पॅकिंगला आहे, कंत्राटदाराकडून. रात्री उगीच रडू येतं. मी कुणाचं ऐकू?"

मुली, तुला 'तू'च म्हणते. तुझ्या वयाच्या बायकांची बाळंतपणं करण्यात माझी तीस वर्षं गेली, तेव्हा 'तुम्ही' तोंडात बसत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाईंचा हिशेब, आईचा हट्ट, काकींचं ज्ञान हे सगळं तू सविस्तर लिहिलंस, आणि ज्या आकड्यांवर सगळं अवलंबून आहे ते मधल्या दोन वाक्यांत उरकलेस. ९.२ आणि १३८/८८. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

१३८/८८ ला अजून कुणी 'बीपी झालं' म्हणणार नाही. गरोदरपणात १४०/९० ही रेघ. पण तू त्या रेघेला जवळजवळ टेकलीस, आणि मागच्या खेपेपेक्षा वर सरकलीस. विसाव्या आठवड्यानंतर असं चढायला लागलेलं बीपी कधी तिथेच थांबतं, तर कधी आठवड्याभरात उसळी मारतं आणि लघवीतून प्रथिनं जायला लागतात. म्हणून महिन्याने एकदा तपासणी आता पुरणार नाही. दर आठवड्याला बीपी आणि लघवीची तपासणी, बाळंतपणापर्यंत. तुझ्या आरोग्य केंद्रात बीपी मोजायला एक पैसा लागत नाही, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांसाठी मोफत तपासणीचा दिवस असतो, तो २०१६ पासून देशभर चालू आहे. तपासताना पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून मोजायला सांग. घाटी चढून धापा टाकत आलेल्या बाईचं बीपी लगेच घेऊन काही कळत नाही.

पायाच्या सुजेचं म्हणशील, तर ती या दिवसांत बहुतेकींना येते. दिवसभर पॅकिंगच्या टेबलापाशी उभी राहतेस, मग संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतणारच. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसलं, बोटातली अंगठी निघेना, कपाळ फुटेल असं डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बाजूला बरगड्यांखाली दुखलं, तर त्याच घटकेला १०८ लावायचा. नवऱ्याला व्हिडिओ कॉल नंतर कर. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, तरीही तेच. सकाळ होऊ दे, पाऊस थांबू दे, असं म्हणत बसू नका.

आता ९.२ चं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, आणि ७ ते ९.९ म्हणजे मध्यम. ऐकायला 'मध्यम' शब्द सोपा आहे. पण प्रत्येक बाळंतपणात रक्त जातं. साधं, सरळ, कसलाही घोळ न झालेलं बाळंतपणही त्यातून सुटत नाही. जिचं रक्त भरपूर आहे ती पाव-अर्धा लिटर सहज सोसते. जिच्या पेल्यात आधीच कमी आहे तिला तेवढंच जड जातं, आणि जास्त गेलं तर पळापळ होते. लेबर रूममध्ये माझी छाती धडधडायची ती आरडाओरडा करणाऱ्या बाईसाठी नाही, शांत पडलेल्या पांढऱ्याफटक बाईसाठी.

काकींना सांग, बाळाचा रंग गोळीवरून ठरत नाही, आईबापावरून ठरतो. काळी होते ती शी, कारण न पचलेलं लोह तिच्यातून बाहेर पडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोट साफ होत नाही हा त्रास मात्र खरा आहे आणि त्याला उपाय आहेत. गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, निजायच्या आधी घे, लिंबूपाण्याबरोबर. चहाबरोबर नको, चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी नको, एक दिवसा नि एक रात्री ठेव. पाणी भरपूर पी. सकाळी उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, जेवणात तांबडी भाजी, अळसांदे (चवळी), तारले किंवा बांगडा. गोव्याच्या स्वयंपाकघरात लोहाला तोटा नाही, फक्त घरात सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरेल ते सूनबाईने खायची पद्धत यंदापुरती मोडा.

पण हे सगळं पोटात घालून सात आठवड्यांत ९.२ चे ११ होतील याची खात्री मी देणार नाही. म्हणून या आठवड्यात डॉक्टरांना सरळ सांग, "महिनाभर गोळ्या घेतल्या नाहीत." ओरडतील. ओरडू देत. मग विचार, "दोन गोळ्या घेऊ, की वेळ थोडा राहिलाय म्हणून शिरेतून लोह द्याल?" हा प्रश्न तू विचारला नाहीस तर ते गोळ्या चालू आहेत असं धरून चालतील, आणि आकडा का वाढत नाही याचं कारण भलतीकडे शोधतील. रुग्णाने न सांगितलेल्या गोष्टीवर डॉक्टर उपचार करू शकत नाही, कितीही हुशार असला तरी.

आता सासूबाईंचं कॅलेंडर. मी हसले, पण टिंगल म्हणून नाही. चवथ म्हणजे काय हे गोव्याच्या बाहेरच्याला सांगून कळणार नाही. वर्षभर कुलूप असलेलं मूळ घर त्या दिवशी उघडतं. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं, नेवऱ्या, पातोळ्या, सगळा भाऊपणा एका पडवीत. तिथे सुयेर पडलं तर गणपती कसा बसवायचा हा त्या बाईसाठी खरा प्रश्न आहे. तिच्या सासूने तिच्यावर सोपवलेली गोष्ट आहे ती. तेव्हा तिला 'अडाणी' म्हणून झटकू नकोस.

पण हिशेब चुकतोय. तारीख चवथीनंतर चार दिवसांनी, आणि सिझेरियन चवथीच्या अकरा दिवस आधी. म्हणजे तारखेच्या पंधरा दिवस आधी, ३७ आठवडे आणि ६ दिवस. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी ठरवून सिझेरियन करायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम आहे. शेवटच्या त्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसं तयार होतात, अंगावर चरबी चढते, दूध ओढायची ताकद येते. आधी काढलेलं मूल दिसायला गुबगुबीत असलं तरी धाप लागून काचेच्या पेटीत जाऊ शकतं. मग चवथीच्या दिवशी घरात गणपती, आणि बाळाची आई रुग्णालयाच्या बाकड्यावर. शिवाय सिझेरियन म्हणजे पोट फाडणं. रक्त जास्त जातं, आणि तुझं ९.२. पुढच्या खेपेला गर्भाशयावर व्रण घेऊनच बाळंतपणाला उभं राहायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसलं. देशाचा आकडा साडेएकवीस. माझा या शस्त्रक्रियेवर राग नाही, तिने वाचलेली बाळं मी या हातांत घेतली आहेत. पण तिथी पाहून केलेली मला आवडत नाही.

आणि एक गंमत सासूबाईंना सांग. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला बरोबर जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम पाच. बाकीची आपल्या मर्जीने येतात, दोन आठवडे पुढेमागे. तेव्हा सुयेर पडेल की नाही हे आज कुणालाच ठाऊक नाही. पडलंच तर प्रत्येक गावात त्याची काही ना काही तोड असते, भटजींना आत्ताच विचारून ठेवा. सुयेर नसलेल्या शेजाऱ्याच्या हातून पूजा करवून घेणारी घरं मी पाहिली आहेत. आणि काहीच जमलं नाही, तर यंदा घरात नेवऱ्या तळायच्या नाहीत, माटोळी बांधायची नाही, पन्नास माणसांचं जेवण नाही. बाळंतिणीला घरातले चार हात मोकळे मिळाले. गणपतीला हे चालणार नाही असं मला वाटत नाही.

एक मात्र नीट ध्यानात ठेव. बीपी वाढलं, लघवीत प्रथिनं आली, बाळाची वाढ थांबली, आणि डॉक्टरच म्हणाले की ३७ आठवडे झाले, आता थांबण्यात धोका आहे, तर मान डोलवायची. आठवडा तोच, पण कारण निराळं. तेव्हा "मावशीने ३९ सांगितले" म्हणून वाद घालू नकोस.

आता माहेर की सासर. तुझी आई चुकीचं काही मागत नाही. पहिलटकरणीला आईची कूस हवी असते, ती गरज पुस्तकात सापडत नाही पण असते. पण डोळ्यांसमोर नकाशा आण. पावसाचे दिवस, घाटातला रस्ता, रात्रीचे दोन, आणि तुझं बीपी १६०. तिळारीच्या बाजूने दोडामार्ग, तिथून पुढे पाठवतील कुठे? गुंतागुंत झाली की त्या भागातले रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातच (गोमेकॉ) येतात, हे सगळ्या सिंधुदुर्गाला माहीत आहे. म्हणजे तू माहेरी जाणार, आणि रुग्णवाहिका तुला डिचोली नाहीतर म्हापसा ओलांडून परत गोव्यातच आणणार. मधले तास वाया.

म्हणून बाळंतपण इथेच. जिथे चोवीस तास शस्त्रक्रियेची सोय, भूल देणारा डॉक्टर, रक्तपेढी आणि नवजात बाळासाठी विभाग आहे, तिथे. तुझ्यासाठी म्हणजे म्हापशाचं जिल्हा रुग्णालय (आमच्या पिढीच्या तोंडात ते अजून आझिलोच) किंवा बांबोळीचं गोमेकॉ. यातलं कुठलं, ते तुझ्या केंद्रातल्या डॉक्टरांकडून या पंधरवड्यात कार्डावर लिहून घे. खाजगीत जायचं असेल तर जा, पण हेच चार प्रश्न तिथेही विचार, आणि रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतो हे खोदून विचार. सरकारीत प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, घरून रुग्णालयात नेणं आणि परत सोडणं, काही म्हणता काही पैसे लागत नाहीत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, तो तुझा हक्क आहे, कुणाचा उपकार नाही. बरोबर एक बाई लेबर रूममध्ये राहू शकते, जिने स्वतः बाळंतपण अनुभवलंय अशी. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तशी मुभा दिली आहे, पण आधी विचारून ठेव, कारण जागेच्या अडचणीमुळे पहाऱ्यावरची माणसं दारातच अडवतात. आईला ने आत. माहेर असं खाटेपाशी आलं तर काय वाईट?

गंमत बघ, पोर्तुगीजांनी पणजीला वैद्यकशाळा काढली १८४२ साली, आशियातल्या जुन्यांतली एक. बांबोळीचं गोमेकॉ तिचाच वारसा सांगतं. तरी माझ्या आजीची सगळी बाळंतपणं वैजिणीच्या (सुइणीच्या) हातची, घरातल्या काळोख्या खोलीत. अकरांतली सहा जगली. आजी ते सांगताना रडायची नाही, बोटं मोजायची.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले तिथे येते. तुझ्या पत्रात बाळंतपणाच्या दिवसापर्यंतचं सगळं आहे. त्याच्या पुढच्या दिवसाबद्दल एक ओळ नाही. सासूबाईंच्या कॅलेंडरवर नाही, आईच्या बोलण्यातही नाही. बाळ झालं की सगळे सुटलो म्हणतात. पेढे वाटतात. आणि बाळंतीण?

माझं सांगते. दुसरं बाळंतपण, मुलगा झाला, सगळं सुरळीत. ज्या रुग्णालयातून मला घरी सोडलं तिथे निघताना माझं बीपी कुणी मोजलं नाही, आणि मी नर्स असून विचारलं नाही. पाचव्या दिवशी डोकं असं दुखायला लागलं की भिंतीवर आपटावं. आई म्हणाली, डोक्यात वारं गेलं. कानाला फडकं बांधलं, शेगडीत ओवा टाकून धुरी दिली. घरात पाचवीच्या पूजेची गडबड, पाहुण्यांची ये-जा, प्रत्येकजण बाळाला घेऊन बघतोय, नाक कुणासारखं. मी कोपऱ्यात डोळे मिटून. संध्याकाळी माझी कामावरची मैत्रीण बाळाला बघायला आली आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. पिशवीतून यंत्र काढलं. १७०/११०. त्या रात्री मला झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं चालू होती, आणि माझं दूध पिणारं पोर बाहेर आजीच्या मांडीवर वाटीने दूध पीत होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या डोक्याशी उभी राहून मला स्वतःचं कळलं नाही.

तर ऐक. बीपी बाळंतपणाने संपत नाही. उलट तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत ते सगळ्यात जास्त चढतं, म्हणजे नेमकं बाई घरी आल्यावर. गरोदरपणात नीट होतं तिलाही होऊ शकतं. रुग्णालयातून निघताना बीपी मोजून कागदावर लिहून घे, आणि विचार, "परत कधी मोजायचं?" तुझ्यासारखीने घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत एकदा, मग सात ते दहा दिवसांत, आणि सहा आठवड्यांनी तर नक्कीच मोजून घ्यावं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना आत्ताच भेट, घर दाखव, त्या येतील. पुढे माहेरी गेलीस तर तिथे आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्यांना तुझाही हात पुढे कर.

रक्ताचंही तसंच. अंगावरून जाणं पाच-सहा आठवडे चालतं, दिवसागणिक फिकं आणि कमी होत. पण तासाभरात पूर्ण पॅड भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, चक्कर आली, तर १०८. ताप, घाण वास, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, स्तन लाल होऊन ताप भरणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. "बाळंतवारा आहे, उतरेल" असं म्हणणारं कुणी भेटलं की त्यांना हे उत्तर वाचून दाखव.

म्हणून माझा तोडगा असा. पहिले दहा-बारा दिवस सासरी, आणि आई तिथे राहायला येईल. लेकीच्या घरी राहू नये वगैरे आई म्हणेल. तिला सांग, "आई, तू नाही आलीस तर मी रात्री एकटी." येईल. बारसं झालं, बीपी दोनदा बरं दिसलं, की मग खुशाल माहेरी जा, दीड-दोन महिने. दोन्ही विहिणींना हे तू एकटीने सांगू नकोस. नवऱ्याला बोटीवरून फोन करायला लाव, आधी त्याच्या आईला, मग तुझ्या. पैसे पाठवले म्हणजे बापाचं काम झालं असं त्याला वाटत असेल तर ते आत्ताच निस्तर.

खाण्यापिण्याचं फार लिहीत नाही, त्यात आपल्या बायका हुशार आहेत. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शेपू, सगळं चालेल. लाडू दिवसाला एक पुरे. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही ही पद्धत मात्र बंद. दूध येतं ते पाण्यानेच, आणि पोट साफ होतं तेही. दूध यावं म्हणून मोरी मासा खायला घालतात आपल्याकडे, ती कधीतरी ठीक. मोठ्या माशांत पारा जास्त, म्हणून रोज नको. बांगडा, तारले, सुंगटं (कोळंबी) बरी. दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवू नका. कोळशाचा धूर बंद खोलीत बाळाला आणि तुला दोघांनाही घातक. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या. पहिलं पिवळं, चिकट दूध पिळून टाकायचं नाही, जन्मल्यावर तासाभरात तेच पाजायचं, सिझेरियन झालं तरी. मध, घुट्टी, साखरपाणी, काही नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको. नाळेला तेल-हळद-राख नको, कोरडी ठेवा. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही सहा महिने चालू.

आणि ते रात्रीचं रडू. तू त्याला 'उगीच' लिहिलंस. उगीच नसतं ते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक बायका रडतात, आठ-पंधरा दिवसांत ते ओसरतं. तुला आत्तापासूनच येतंय म्हणून लक्ष ठेवायला हवं. याच गोव्यात, एका जिल्हा रुग्णालयात नाव घातलेल्या बायकांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलं होतं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. त्यात २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. जवळजवळ चौघींमागे एक. हातात पैसा नसणं, नवऱ्याशी न पटणं ही मोठी कारणं निघाली, आणि मुलगी झाली म्हणून टोचून बोललं जाणाऱ्या घरांत ते आणखी चिघळतं हेही दिसलं. तेव्हा तू 'कमकुवत' वगैरे काही नाहीस. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहिलं, बाळ झोपलं तरी तुला झोप येईना, बाळाला घ्यावंसं वाटेना, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं मनात आलं, तर कुणाला तरी त्याच दिवशी सांग. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. बांबोळीला मनोरुग्णालय आहे तिथे बाह्यरुग्ण विभागात जाऊन दाखवता येतं. त्या इमारतीच्या नावाने लोक नाकं मुरडतात. बीपीच्या गोळीला जेवढी लाज वाटते तेवढीच याला वाटू दे, म्हणजे अजिबात नाही. आणि एक सांगते, दूध पाजत असतानाही चालणारी औषधं असतात.

नोकरीचं थोडक्यात. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या बाळंतपणाला २६ आठवडे भरपगारी रजा, कंत्राटी कामगारालाही. त्यातले तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे. म्हणजे तुझी आजपासूनही घेता येते. अर्ज लेखी दे, त्याचा फोटो मोबाईलवर ठेव. या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. कंत्राटदार "बघू" म्हणाला तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं. पहिल्या बाळासाठी केंद्राची मातृवंदना योजना आहे, ५००० रुपये, अंगणवाडीत नाव घाल. मुलगी झाली तर राज्याच्या ममता योजनेचंही तिथेच विचार. आधारवरचा पत्ता माहेरचा असेल तर आधी तो बदलून घे, नाहीतर दोन राज्यांच्या मध्ये कागद लोंबकळतात.

राहता राहिलं सासूबाईंचं कॅलेंडर. ते भिंतीवरून काढू नकोस. उद्या त्यांच्याजवळ पेन घेऊन बस आणि त्यांच्याच हाताने दर आठवड्याच्या चौकोनात तुझं बीपी लिहायला लाव. चवथीपुढची पानंही उलट. बाळ आलं की तिसरा, सातवा, दहावा दिवस त्या खूण करून ठेवतील. तारखा लक्षात ठेवण्यात त्या माझ्यापेक्षा पक्क्या दिसतात. पुढच्या आठवड्याचा आकडा मला कळव, आणि गोळी आज रात्रीपासून.